मारानंतरचा पिक्चर

आमच्या आळीतल्या बायका मला नशीबवान म्हणायच्या. नालवाडीत त्या वेळी नवऱ्यासोबत पिक्चरला जाणारी बाई सहसा दिसायची नाही. बायका जायच्या त्या एखाद्या देवाच्या पिक्चरला, तेही सासू-नणंदांच्या घोळक्यात. माझा नवरा मात्र मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून वर्ध्याच्या टॉकीजला न्यायचा. घरमालकीण फाटकाशी उभी राहून म्हणायची, "हौशी हाय वं तुहा माणूस!" मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून हसायचे. पदर ओढायला कारण असायचं.

मी आर्वीकडच्या एका खेड्यातली. वडिलांची शेती होती, त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि सत्तरचं दशक संपता संपता लग्न लावून दिलं. नवरा जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून होता. घरात तो, त्याची विधवा आई आणि मी. दोन खोल्या भाड्याच्या, पुढे अंगण, अंगणात सगळ्या भाडेकरूंचा मिळून एक नळ.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा त्याचा एक सोबती घरी आला होता. तो काहीतरी गमतीचं बोलला आणि चहा ठेवता ठेवता मी हसले. सोबती गेला, मी कपबशा उचलायला वाकले, आणि गालावर काहीतरी आदळलं. मला वाटलं, फळीवरून डबा पडला. वर पाहिलं तर नवऱ्याचा हात अजून खाली आला नव्हता. "दात काऊन काढत होती?" एवढंच त्याने विचारलं.

त्या रविवारी तो घरी आला तो तिकिटं घेऊनच. "चल, तयार हो. पिक्चर पाहून येऊ." वाटेत त्याने मोगऱ्याचा गजरा घेतला. इंटरव्हलला कागदात गुंडाळलेला गरम आलूबोंडा आणून दिला. येताना चढावर सायकलवरून उतरला, पण मला उतरू दिलं नाही. झाल्या गोष्टीबद्दल अवाक्षर बोलला नाही. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या वेळी भाकर करपली म्हणून मारलं, आणि पुन्हा तिकिटं आली. मग पुन्हा. पिक्चर म्हणजे त्याची माफी होती, हे समजायला मला वेळ लागला. समजल्यावर मात्र खिशातून डोकावणारे ते रंगीत कागद मला नकोसे वाटायचे. कारण ती माफी घ्यावीच लागायची. 'येत नाही' म्हणायची सोय नव्हती. पाठ ठणकत असायची आणि मी बालकनीत त्याच्या शेजारी ताठ बसून राहायचे, कारण खुर्चीला टेकणं जमायचं नाही.

आणि समोर पडद्यावर काय, तर तेच. दारू प्यायलेला नवरा बायकोला ढकलून द्यायचा. ती देवघरात जाऊन गाणं म्हणायची. खाली बसलेल्या बायका हुंदके द्यायच्या. शेवटी त्याला अपघात व्हायचा, ती त्याची सेवा करायची, तो रडायचा. दुसऱ्या तऱ्हेच्या पिक्चरमध्ये बायको शिकलेली, पँट घालणारी, इंग्रजी बोलणारी असायची. तिला नवऱ्याने थप्पड मारली की सगळी टॉकीज शिट्ट्यांनी दणाणून जायची. पुढच्या सीनमध्ये ती साडी नेसून, ठसठशीत कुंकू लावून जिन्यावरून खाली यायची. वाईट बाईला थप्पड पडली की ती सुधारायची, चांगल्या बाईला पडली की नवरा सुधारायचा. मी किती पिक्चर पाहिले, पण मार खाऊनही जिच्या घरात कोणीच सुधारत नाही, अशी बाई मला कुठे दिसली नाही.

मुलगी पोटात होती तेव्हा मी माहेरी निघून गेले. त्याने कमरेत लाथ घातली होती आणि मला भीती वाटली होती. आईने माझी पाठ पाहिली, कपडा गरम करून शेकली. वडील सांजेला वावरातून आले, ओट्यावर बसले, आईचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सकाळच्या गाडीनं पोचवून देतो. असं मधातच येणं बरं नाई दिसत."

मला घेऊन वडील नालवाडीला आले तेव्हा नवरा त्यांच्या पाया पडला. "मामाजी, आजच्या दिवस राहा. आपण सगळे पिक्चर पाहू." वडिलांनी आयुष्यात दोन-चारच पिक्चर पाहिले असतील. ते खुशीने तयार झाले.

त्या पिक्चरमध्ये एक गरीब शाळामास्तर होता आणि त्याची मुलगी सासरच्या छळाला कंटाळून गाठोडं घेऊन बापाच्या दारी येत होती. बाप तिला उंबऱ्याच्या आत घेत नव्हता. आता तेच तुझं घर, मेलीस तरी तिथेच, असं काहीसं तो म्हणत होता. मुलगी परत फिरली आणि विहिरीत उडी घेतली. मग बाप तिचं प्रेत मांडीवर घेऊन आकाशाकडे पाहत ओरडला. मी एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला वडील अशी मधोमध बसले होते. वडील रडत होते. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते, पुन्हा पुन्हा. मी पडदा सोडून त्यांच्याकडेच पाहत होते. मला वाटलं, आता हे माझ्याकडे पाहतील.

बाहेर आल्यावर नवरा सायकल काढायला गेला. वडील माझ्याजवळ सरकले. त्यांचा आवाज अजून भरलेला होता. "लय वाईट झालं वं त्या पोरीचं," ते म्हणाले. मी वाट पाहिली. त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "तू सांभाळून राहाजो." सकाळी ते एसटीने गेले. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले होते. नंतर कितीतरी वेळ मी फाटकाची कडी हातात धरून उभी होते, आणि मागून सासू विचारत होती, "काय करून राह्यली तिथं? अंदर ये."

मुलगी झाली. ती चालायला, बोलायला लागली. मुलीदेखत मारायचा तेव्हा ती पलंगाखाली जाऊन बसायची. मग पिक्चर. आम्ही जाताना ती सासूच्या कडेवरून टाटा करायची.

त्याच सुमारास आमच्या अंगणातली समोरची खोली एका मास्तरीणबाईंनी घेतली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. नवरा जंगल खात्यात, दूरच्या रेंजला, अधूनमधून यायचा. बाई नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या. मला 'वहिनी' म्हणायच्या. घरमालकीण त्यांना बोलावून बोलावून चहा द्यायची. मग एकदा बाईंची म्हातारी आई कारंज्याकडच्या खेड्यावरून राहायला आली आणि दोघी मायलेकी ओट्यावर बसून गोंडीत बोलू लागल्या. तेव्हा आळीला कळलं, बाई गोंड आहेत. त्यानंतर घरमालकिणीने बाईंची कपबशी वेगळी काढून खिडकीत ठेवली. बाईंनी ती पाहिली आणि चहाला जाणं बंद केलं.

घरमालकाकडे टीव्ही आला होता. रविवारी संध्याकाळी पिक्चर लागला की सगळे भाडेकरू त्यांच्या पडवीत जमायचे. एका रविवारी बाईंच्या आईने, म्हाताऱ्या मावशींनी, हट्ट धरला म्हणून मास्तरीणबाई त्यांना घेऊन आल्या आणि दाराजवळ बसल्या.

त्या पिक्चरमध्ये मधेच जंगल आलं. डोक्याला पिसं, अंगावर पांढरे पट्टे, कमरेला पानं बांधलेले लोक भाले नाचवत ओरडत होते. हिरोला खांबाला बांधलं होतं आणि गळ्यात हाडांची माळ घातलेला त्यांचा राजा डोळे गरगर फिरवत होता. पडवीतल्या पोरांनी एकदम मागे वळून मास्तरीणबाईंकडे पाहिलं. घरमालकिणीच्या नातीने विचारूनच टाकलं, "बाई, तुमच्या गावात असंच नाचतेत?"

बाईंचा चेहरा उतरला. मावशींनी लेकीला काहीतरी विचारलं, बाईंनी खालच्या आवाजात सांगितलं. मावशी पुढे वाकून, डोळे बारीक करून टीव्हीकडे पाहत राहिल्या आणि गोंडीत काही बोलल्या. बाईंना हसू फुटलं. "आई विचारते, हे लोक कोणत्या गावचे हाय? आन् दिवसभर पिसं लावून नाचून राह्यले, तर यायच्या वावरात निंदण कोण करते?"

सगळे हसले. मीही हसले. मला आठवतं, टॉकीजमध्ये इतकी वर्षं पाहिलेली माणसं तेव्हा माझ्या डोळ्यापुढून गेली. हिरोसाठी छातीवर गोळी घेऊन मरणारा मुसलमान दोस्त, कायम दारू पिऊन झिंगलेला ख्रिश्चन म्हातारा, चुकीचं हिंदी बोलून हसवणारा मद्रासी. ती सगळी माणसंही कुठेतरी अशीच दाराजवळ बसून स्वतःला पाहत असतील, असं मनात आलं. आणि मार खाणारी ती बाई पाहताना मी जशी बसायचे, तशी.

थोड्या वेळाने हिरोने बायकोला थप्पड मारली. ती जिन्याच्या कठड्याला धरून रडू लागली. मावशींनी आपल्या मोडक्या मराठीत मोठ्याने विचारलं, "मंग थे गेली काऊन नाई?"

"कुठी जाईन?" घरमालकीण म्हणाली.

"बापाच्या घरी. नाईतर दुसऱ्या घरी."

यावर बायका पिसांपेक्षा जास्त हसल्या. माझी सासू तर पदर तोंडाला लावून हसली. घरमालकीण टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "यायच्यात लाजच नसते बाई." मास्तरीणबाई उठल्या, आईचा हात धरला आणि अंगण ओलांडून आपल्या खोलीत गेल्या. बाकीच्या बायकांत मी एकटीच हसले नव्हते. मला हसू आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर मी आणि मास्तरीणबाई, आम्ही दोघीच होतो. मी कपडे पिळता पिळता विचारलं, "तुमच्यात खरंच जाते का बाई निघून?"

"जाते कोणी कोणी. माही आत्या गेलती. पंच बसले, तिले विचारलं. तिनं सांगितलं, नाई राहत मी. झालं." मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "पण वहिनी, आमच्यात मारत नाईत असं नका समजू. माह्या बापानं माह्या आईले लय मारलं. थे नाई गेली."

"काऊन?"

"आमी होतो ना लहान लहान." त्यांनी बादली उचलली आणि हळूच म्हणाल्या, "मले तुमच्या घरचं सगळं ऐकू येते."

नवऱ्याने मला मास्तरीणबाईंशी बोलायची मनाई केली. मी बोलत राहिले. उन्हाळ्यात एकदा तो जेवायला घरी आला तर मी त्यांच्या ओट्यावर होते. घरात नेऊन त्याने डाव्या कानावर मारलं. कानातून पाणी आलं, मग रक्त, आणि आत एक बारीक शिटी वाजू लागली ती थांबेना. सासूने लसूण तळून कोमट तेल सोडलं. त्याने आणखी दुखलं.

लगेच तिकिटं आली. मॅटिनी शो. मी त्याच्या उजवीकडे बसले, म्हणजे माझा बहिरा झालेला कान त्याच्याकडे. पिक्चर मला अर्धाच ऐकू येत होता. मग ती जागा आली. शिकलेली बायको नवऱ्याला उलट बोलली आणि त्याने तिला थप्पड लगावली. शिट्ट्या उठल्या. एका कानाने त्या बाहेर ऐकू येत होत्या आणि दुसऱ्या कानात आधीच वाजत होत्या. त्याच क्षणी नवऱ्याने अंधारात माझा हात हातात घेऊन प्रेमाने दाबला. जणू ही आम्हा दोघांमधली एखादी गोड आठवण होती.

मी हात सोडवला आणि उठले. त्याला वाटलं, मोरीकडे चालले असेन. दारावरचा माणूस म्हणाला, "बाई, पिक्चर संपला नाई अजून."

"मले माहीत हाय पुढं काय होते," मी म्हणाले आणि उन्हात आले.

नालवाडीपर्यंत पायी गेले. रस्ता तापला होता. घरी सासू उंबऱ्यात बसली होती, मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. मी म्हटलं, "पोरीले द्या."

"कुठी चालली?"

"माहीत नाई."

सासू मुलीला छातीशी धरून उठली. "तुले जायचं असंन तं जा. पोरगी या घरची हाय." तिने आतून कडी लावली. मुलगी जागी झाली. "आई, आई" करून रडू लागली. मी दारावर थापा मारल्या. दार उघडलं नाही. नवरा केव्हाही येईल असं वाटत होतं. समोर मास्तरीणबाईंना सुट्ट्या लागल्या होत्या, त्या गावी जायला निघाल्या होत्या, पिशव्या दारात होत्या. त्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "चला माह्यासंग," म्हणाल्या. मी गेले.

त्यांच्या गावात मला कोणी काही विचारलं नाही. बाईंनी दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला आहे. मी दिवसभर झोपायचे. उठले की आधीच गावी परतलेल्या मावशींजवळ बसून तेंदूपानाचे पुडे बांधायचे. आजूबाजूला सगळे गोंडीत बोलायचे आणि मला एक अक्षर कळायचं नाही. त्याचा फार आराम वाटायचा. मारणारा कोणी नव्हता, बाहेर जायला दार उघडं होतं. पण दुखऱ्या कानात शिटीच्या मागे मला मुलीचं रडणं ऐकू यायचं आणि मी पानं टाकून उठून उभी राहायचे. कुठे जायचं ते कळायचं नाही. पुन्हा बसायचे.

एका सकाळी नवरा आला. सोबत माझे वडील होते. गावातले म्हातारे मोहाच्या झाडाखाली बसले. त्यांच्यातला एक पिकल्या मिशांचा माणूस मराठीत म्हणाला, "बाई, तुले जायचं हाय का?"

तो कोणाला विचारतो आहे म्हणून मी मागे वळून पाहिलं. लग्नात नाही, माहेरी नाही, मला कोणी कधी हे विचारलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "मले माही पोरगी पाह्यजे."

"पोरगी घरी हाय," नवरा म्हणाला. "घरी ये, भेटंन."

म्हाताऱ्याने त्याला सांगितलं, "बाई आमच्या जातीची असती तं आमी निकाल देल्ला असता. आमी फक्त विचारू शकतो. विचारलं." वडील जमिनीकडे पाहत काडीने माती उकरत होते. दारातून मावशी गोंडीत काही बोलल्या. मी मास्तरीणबाईंना विचारलं, काय म्हणाल्या. त्यांना सांगायचं नव्हतं. मग म्हणाल्या, "आई म्हणते, हे बाई परत जाईन."

मी परत गेले. एसटीत नवरा खिडकीशी, मधे वडील, कडेला मी. मुलगी मला पाहून आधी सासूच्या मागे लपली. संध्याकाळपर्यंत जवळ आली नाही. मग आली ती माझ्या केसांत दोन्ही मुठी अडकवून झोपली.

त्यानंतर आम्ही पिक्चरला गेलो नाही. त्याने पुन्हा कधी तिकिटं आणली नाहीत. मारणं कमी झालं, थांबलं नाही. मास्तरीणबाईंना घरमालकिणीने खोली सोडायला लावली, त्या सिंदी मेघेला गेल्या. पण जायच्या आधी त्यांनी मला सांगितलं होतं, बोरगाव मेघेच्या बालवाडीत सेविका पाहिजे, मॅट्रिक चालते. मी घरात विषय काढला. नवऱ्याने ताट सरकवलं आणि उठला. मी खांदे आवळून बसले. तेवढ्यात खाटेवरून सासू म्हणाली, "जाऊ दे तिले."

तो तिच्याकडे वळला. ती तेव्हा आजारीच असायची. "हे गेलती तवा पोरगी तोंडात घास घेत नव्हती," ती म्हणाली. "मी कडी लावली होती. मले बी एकदा अशीच कडी लावली होती तुह्या बापानं. तू अंदर होता." एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून पडली. आमच्या घरात त्याच्या बापाबद्दल कोणी बोलत नसे. नवरा चपला घालून बाहेर गेला. मी दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन बालवाडीत गेले, आणि रोज घेऊन जात राहिले. तिला मागे ठेवायची वेळ मी पुन्हा येऊ दिली नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा सासू वारली. तेरवी होईपर्यंत मी थांबले. मग एका सकाळी नेहमीसारखी बालवाडीत गेले आणि संध्याकाळी परतले नाही. बालवाडीच्या मागे एक खोली मी आधीच पाहून ठेवली होती.

तो आला. बाहेर उभा राहून म्हणाला, "घरी चाल."

"बसा. चहा घेता का?"

तो पायरीवर बसला. मुलीला विचारलं, कितवीत गेली. तिने सांगितलं आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "लोकं काय म्हणतीन?"

"म्हणतीन," मी म्हणाले. त्याने कप पायरीवर ठेवला आणि गेला.

आमचा घटस्फोट झाला नाही. वडील आले, समजावून गेले, पुन्हा आले. मुलगी नोकरीला लागेपर्यंत आम्ही दोघी त्याच खोलीत होतो, नंतर मी एकटी. डाव्या कानाने मला आजही ऐकू येत नाही. त्याच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात डबा मीच नेत होते. आजूबाजूच्या खाटांजवळ बसलेल्या बायका कौतुकाने पाहायच्या. मी डबा उघडून द्यायचे, पाणी ठेवायचे, आणि तो जेवत असतानाच निघून बोरगावला माझ्या खोलीवर यायचे.